थांबून ऐकणं

डबी तशी काडेपेटीएवढीच, राखाडी, आणि तिच्यातला हिरवा दिवा सारखा उघडझाप करत होता — त्यांच्या कमरेवर, मागच्या बाजूला, पट्ट्यानं घट्ट बांधलेली. नवऱ्याच्या पाठीकडे पाहायची तिला सवय होती, उभा जन्म तीच पाठ पाहण्यात गेला होता. पण त्या पाठीवर कुणी दिवा लावून ठेवील असं काही वाटलं नव्हतं. शर्यतीला पोर उभं करून आई बाजूला बसते, तशी ती दवाखान्यातल्या त्या लांबट खोलीत भिंतीला लागून बसली होती, मांडीवर त्यांचं पाकीट आणि किल्ल्या घेऊन. शेजारी लेक. जमिनीवर एक पिवळी पट्टी, लांब तिकडे दुसरी, एवढाच काय तो मामला.

“आजोबा, त्या पट्टीपर्यंत जायचं आणि परत यायचं. नेहमीसारखं चाला हं,” पांढऱ्या कोटातली मुलगी म्हणाली.

“नेहमीसारखं म्हणजे कुणासारखं?” ते म्हणाले. फटकन बोलणं अजून शाबूत होतं.

पाय पाहून डोकं ओळखायचं, असं हे शास्त्र. माणसाची बुद्धी झिजायला लागली की ती आधी चालण्यात दिसते म्हणे, नावं-गावं विसरायच्या कितीतरी आधी. डबी पाऊल नि पाऊल टिपते आणि पलीकडच्या पडद्यावर रेघा उमटतात. लेकीनं गाडीत सगळं समजावलं होतं. “काही झालंय म्हणून नाही गं आई, नुसती चाळणी लावून बघायची.” चाळणी... चाळणीतून खाली काय पडतं आणि वर काय राहतं, ते मला नको शिकवू, बाई.

ते गेले, वळले, आले. झपझप, नाकासमोर. तिला बरं वाटलं, आणि पाठोपाठ तो जुना राग आला, कारण ही चाल तिच्या चांगल्या ओळखीची होती — लग्न झाल्यापासून ते पुढं आणि ती मागं, वरातीमागून घोडं तशी, दोन्ही हातांत पिशव्या, मधली काही वर्षं कडेवर हीच लेक, आणि पुढून ठरलेलं वाक्य, “ये तू सावकाश.” सावकाश! जशी काही मोठी कृपाच. बोलायचं ते पाठीशी बोलायचं, उत्तर आलं तर आलं. नोकरी पाणीखात्यात, तीही कसली, तर जमिनीखालच्या नळांची गळती शोधायची. पहाटे, वाहनं सुरू व्हायच्या आधी, रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, तिच्या टोकाला कान लावायचा आणि गप्प उभं राहायचं. असा कान खात्यात दुसरा नाही, असं साहेब लोक म्हणत. चालताना ऐकू येत नाही, ऐकायचं तर थांबावं लागतं, हे ते घरी आलेल्या पाहुण्यांना मोठ्या थाटात सांगत, आणि ती आतून ऐकत असे. मातीखालच्या पाण्यासाठी थांबणारा हा माणूस... आणि मी? मी तर कधी कुजबुजले नव्हते, चांगलं मोठ्यानं बोलत होते.

“आता चालता चालता प्राण्यांची नावं सांगायची,” मुलगी म्हणाली. “थांबायचं मात्र नाही.”

“घोडा,” ते निघाले. “बैल... कुत्रा...” आणि थांबले. खोलीच्या मधोमध, एक पाय जरा पुढं. “उंट,” म्हणाले, आणि मग चालू लागले. जरा पुढं गेले, पुन्हा थांबले. तिचे ओठ आपोआप हलले — शेळी, अहो, शेळी म्हणा. “हत्ती.” पुन्हा चालले. मान किंचित कलती, चेहऱ्यावर कसली तरी लांबची चाहूल घेतल्यासारखा भाव... हे थांबणं तिच्या ओळखीचं होतं. अगदी असेच. अगदी असेच तर ते माझ्यासाठी थांबतात.

वर्ष होत आलं असेल. औषधाच्या दुकानातून दोघं घरी येत होती, ती मागून शेजारणीच्या नव्या पडद्यांबद्दल काहीतरी बोलत होती, उत्तराची आशा न ठेवता, आपलं तोंड चालू म्हणून. आणि पुढची पाठ थांबली. वळली. भर रस्त्यात ते तिच्याकडे बघत उभे राहिले, तिचं पडदेपुराण संपेपर्यंत, मागून सायकलवाला घंटी बडवत होता तरी. “हं, मग?” म्हणाले. मग! असं ‘मग’ तिला कुणी विचारलंच नव्हतं. पुढं काय सांगायचं होतं तेच ती विसरली. त्यानंतर रोजचंच झालं — ती बोलली की ते थांबायचे. मग ती दिवसभर बोलणं साठवू लागली, फोनवर ऐकलेलं, खिडकीतून पाहिलेलं, कमी पडलं तर पदरचं घालून. संध्याकाळी फिरायला जायचं म्हणून केस नीट विंचरू लागली, या वयात. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. तिचे दात पडायला आले तेव्हा का होईना, चणे आले होते. आणि एवढं सुख पोटात राहीना, म्हणून तिनं लेकीला फोन केला. “अगं, तुझे बाबा पार बदललेत. मी बोलले की थांबतात. थांबून ऐकतात माझं.” पलीकडं लेक गप्प झाली. तिला वाटलं, पोरीला भरून आलं. भरून कसलं येतंय... पोरीनं असल्या थांबण्याबद्दल कुठंतरी वाचलं होतं. त्याच आठवड्यात तिनं इथली वेळ घेतली.

“आजी, बाहेर पण असं होतं का?” मुलीनं विचारलं. “कुणी बोललं की थांबतात?”

“ऐकतात,” ती म्हणाली.

“हो, पण थांबतात ना?”

“ऐकायला थांबतात.”

लेकीनं तिच्या हातावर हात ठेवला. “आई, तूच म्हणाली होतीस.”

कोटातल्या मुलीची बोटं भराभर चालली. ‘थांबतात’ तेवढं संगणकात गेलं असावं, ‘ऐकतात’ बाहेरच राहिलं. मग ती गोड आवाजात समजावू लागली — चालायचं आणि त्याच वेळी बोलायचं, ऐकायचं, हे सगळं मेंदू एकदम सांभाळतो. तो दमायला लागला की एक काम सोडून देतो. म्हणून पाय थांबतात. रोग आहेच असं नाही, पण डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतील.

“कामाची सवय आहे ती माझी,” ते डबी सोडवत म्हणाले. “ऐकायचं तर थांबावंच लागतं.” आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. सांग ना हिला, असं.

एका वाक्याचं काम होतं. हो, सवयच आहे यांची, पहिल्यापासून. पण ही साक्ष द्यायची तर तिला मागची सगळी वर्षं खोटी ठरवावी लागली असती, सगळे रस्ते, सगळ्या पिशव्या. तिनं पाकीट आणि किल्ल्या तेवढ्या पुढं केल्या.

लेक पुढची वेळ ठरवायला आत राहिली. “तुम्ही दोघं गाडीपाशी व्हा, मी आलेच.” फाटकाबाहेर पदपथ सरळ होता, रहदारी नव्हती, आणि ते निघाले — झपझप, खांदे ताठ, जणू ती डबी अजून कमरेला आहे आणि पडद्यावर रेघ उमटतेच आहे. दुखावलेत, हे तिला पाठीवरून कळलं. पाठ वाचण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

“अहो,” ती मागून म्हणाली, “घरी जाऊन काय करू जेवायला?”

“काहीही कर.” पाय चालूच.

म्हणजे जमतं. चालता चालता उत्तर देता येतं यांना. हुश्श करायला हवं होतं, लेकीला हाक मारून सांगायला हवं होतं, बघ, काही झालेलं नाही तुझ्या बापाला. पण तिच्या छातीत काहीतरी खचलं. तिनं पावलं उचलली, धाप लागली, मधलं अंतर वाढतच गेलं.

“अहो, पाय दुखतात माझे.”

“ये तू सावकाश.”

तोच आवाज. ठणठणीत. वर्षभरानं बरा होऊन परत आलेला. ती पदपथाच्या कडेला उभी राहिली आणि त्या लांब जाणाऱ्या पाठीकडे बघत तिनं आणखी काहीतरी बोलायला शोधलं, काहीही, शेजारीण, पडदे... थांबा ना, एकदा थांबा. देवा, थांबव यांना. आणि या थांबण्याबरोबर आपण देवाकडे नेमकं काय मागतो आहोत, ते तिला लख्ख कळलं. तरी तिनं ते मागणं परत घेतलं नाही.