सवाल जिऱ्यात, जवाब चहात

मी पुस्तक बोलतोय. अंगाला जिऱ्या-हळदीचा वास येईल, तेवढा सांभाळून घ्या. युरोपातल्या काही विद्वानांनी मठांच्या फडताळांतून जुन्या पोथ्या शोधल्या, धूळ झटकली आणि देवाधर्माच्या जोडीनं माणसाचाही विचार मांडला, त्याची हकीकत माझ्या पोटात आहे.

बदली झालेल्या एका मास्तरांनी मला रद्दीत घातलं आणि मी बाभुळगावला नागोराव शेठच्या किराणा दुकानात आलो. माणूस गोड, पण हाती कागद आला की पुडी बांधणार. त्या वर्षांत कापूस घरोघरी पडून, भाव नाही. किलोनं नेणारं गिऱ्हाईक पावकिलोवर आलेलं. माप लहान, पुड्या जास्त. माझी पानं भराभर गेली.

एका सकाळी रुखमाबाई जिऱ्याची रिकामी पुडी घेऊन परत आल्या. त्या बुद्धविहारात बायांना वाचायला शिकवत; छापील कागद वाचल्याशिवाय टाकत नसत. पानाच्या शेवटी सवाल होता: थोरपण घराण्यातून येतं काय? आणि पान तिथंच संपलेलं.

बाकावर वामनराव पाटील होते. सात पिढ्यांची पाटीलकी सांगितल्याशिवाय त्यांना चहा उतरत नसे. "येतेच. त्यात वाचाचं काय?"

"पुस्तक काय म्हणते ते पाहू ना, पाटील," रुखमाबाई म्हणाल्या. "तुमच्या बाजूनं निंगालं तं मी चारचौघांत कबूल करीन. नाही निंगालं तं तुमी करा."

पाटील कबूल झाले. पण पुढचं पान? नागोरावांनी डोकं खाजवून आठवलं: चहापत्तीत गेलं, तांड्यावरच्या लखीरामकडं. निरोप धाडला.

बाजाराच्या दिवशी लखीराम आला, खिशातून घडी काढली. "मी कवाचा इचार करून राह्यलो. माह्याजवळ जवाब हाये, पण सवाल कोनाचा?"

त्यानं वाचलं: थोरपण वारशात मिळत नाही, ज्याचं त्यानं शिकून, वागून कमवावं लागतं.

रुखमाबाईंनी ते पान पाटलांपुढं धरलं.

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "कबूल, बाई. नागोराव, आता याचं एकही पान फाडू नको. पुढं कुठं तरी माह्या बाजूचं असंन."

नागोरावांनी गोण्या शिवायचं दाभण घेतलं आणि उरलेली आणि गिऱ्हाईकांकडून परत आलेली पानं सुतळीनं शिवली. आता मी तराजूशेजारी खिळ्याला टांगलेलो असतो. येणारा-जाणारा वाचतो, भांडतो, सामान विसरून घरी जातो. मठातल्या पोथ्यांनाही असाच आनंद झाला असेल.

तुमच्या घरी जुनी पुडी असेल तर उलगडून बघा. तेलाचा डाग चालेल. शेवटचं पान अजून सापडलेलं नाही, आणि पाटलांची सारी भिस्त त्याच्यावर आहे.