त्रेसष्ट सुटे भाग आणि एक पेन ड्राइव्ह

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही.

माझी नऊ वर्षे एका घड्याळजींच्या दुकानात गेली. घड्याळ उघडताना ते प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून माझ्याकडे ठेवत आणि जुळवताना तेच फोटो बघत. "याच्याशिवाय माझं पान हलत नाही," असे ते गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. पुढे मी इतका रेंगाळू लागलो की एक फोटो उघडेपर्यंत त्यांचा चहा निवायचा. दुरुस्तीवाल्याने तर मला सरळ भंगारात काढायला सांगितले.

एक दिवस त्यांची लेक पेन ड्राइव्ह घेऊन आली. "बाबा, यात लिनक्स आहे, संगणक चालवणारी नवी प्रणाली. जुन्या मशीनवरही पळतं. आणि फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर मी कान टवकारले.

"देणाऱ्याला काय मिळतं?" घड्याळजींनी विचारले.

"खूप लोक मिळून ते लिहितात. आतलं सगळं कुणालाही उघडून बघता येतं."

"तुला कळतं त्यातलं?"

"मला नाही. ज्यांना कळतं ते बघतात."

"म्हणजे तूही दुसऱ्याच्याच भरवशावर."

अगदी माझ्या मनातले बोलले.

लेकीने आधी ते नुसते पेन ड्राइव्हवरून चालवून दाखवले. माझ्या डिस्कला हात न लावता पडदा झटकन उजळला. हा पाहुणा आज गोड बोलतोय, उद्या घरात ठाण मांडेल, असे मला वाटले. झालेही तसेच. तिने 'इन्स्टॉल' दाबले आणि प्रश्न आला: डिस्क पुसून टाकायची का? तिचे बोट 'हो'कडे निघाले.

टेबलावर एका बाईंनी वडिलांची आठवण म्हणून जपलेले घड्याळ सुटे पडले होते. भाग त्रेसष्ट, आणि त्यांचे फोटो फक्त माझ्या पोटात. मी घाबरलो, पण मला तोंड कुठे होते?

"थांब," घड्याळजी म्हणाले. "पुसणार म्हणजे नक्की काय काय?"

लेकीने पुन्हा वाचले. तिचा चेहरा उतरला. "सगळंच, बाबा. फोटोसुद्धा. मी नीट वाचलंच नव्हतं."

"मग आधी प्रत काढ."

तिने सगळे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवले. घड्याळजींनी त्यातला एकेक उघडायला लावला, तेव्हाच होकार दिला. मग लिनक्स माझ्यात राहायला आले. अजून तरी त्याने काही वावगे केलेले नाही. मी लक्ष ठेवून आहे.

मित्रांनो, तुमच्या मोलाच्या गोष्टींची दुसरी प्रत जपा. संशयही जरूर घ्या, पण तो मनात कुजवू नका, विचारा. माझा संशय मुका होता, तो कुणाच्याच कामी आला नाही. घड्याळजींनी तोंड उघडले, म्हणून ते घड्याळ आज त्या बाईंच्या मनगटावर चालते आहे.