चिमाजींवर आळ आला तो माझ्यामुळे

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पाईप आहे, आणि आडपडदा न ठेवता सांगतो, ज्या भांडणाची ही गोष्ट आहे त्यातला गुन्हेगार मीच. आता सगळं सुरळीत झालंय म्हणून ताठ मानेनं बोलतोय. मधले सहा महिने मात्र फार लाजिरवाणे गेले.

पण आधी माझे चांगले दिवस ऐका. पंचवीस वर्षांपूर्वी मी भोरच्या दुकानातून टेम्पोत पडून मार्गासनी गावात आलो. अंगावर जस्ताचा मुलामा, असा चकचकीत की टेम्पोवाल्यानंही एकदा हात फिरवून पाहिला. मला आणलं होतं रखमाजींनी. त्यांचे शेजारी चिमाजी, कुणी बोलावलं नव्हतं तरी कुदळ घेऊन आले. दोघांनी मिळून चर खणला आणि रस्त्याकडच्या मोठ्या लाइनीपासून थेट मोरीपर्यंत मला जमिनीत बसवलं. सांध्यातून पाणी गळू नये म्हणून माझ्या आट्यांना ताग गुंडाळून वर सफेद्याचा लेप लावला. एकानं धरायचं, दुसऱ्यानं पाना फिरवायचा. पाणी आलं तेव्हा रखमाजींच्या बायकोनं, फुलाबाईंनी, तोटीला हळदीकुंकू वाहिलं. तोटीला बरं का! मला कुणी काही वाहिलं नाही, पण पाणी कुणी आणलं ते मला ठाऊक होतं.

काय धार होती तेव्हा माझी. सकाळी तासभर पाणी सुटायचं, त्यात हंडे, पिंप, म्हशींचं टाकं सगळं भरून वर अंगणात सडा पडायचा. आलेले पाव्हणे कौतुक करायचे आणि मी मातीखाली खुशीत असायचो.

पुढं वर्षं सरली आणि माझ्या पोटात गंज धरला. बाहेरून मी धडधाकट, आत मात्र गंजाच्या गाठींवर गाठी. शेवटी पाण्याला जायला करंगळीएवढीही वाट उरली नाही. मोरीतली धार सुतळीएवढी झाली. रखमाजींनी तोटी बदलली. मग दुसरी आणली. मग मोरीत गुडघाभर खड्डा करून नळच खाली उतरवला, म्हणजे उतारानं पाणी येईल. थोडं आलंही. पण त्या खड्ड्यातून हंडे वर काढता काढता फुलाबाईंचे गुडघे सुजले. पाईप तपासावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

शेजारी चिमाजींकडे मात्र पाणी धो धो. गोठा बांधताना त्यांनी नवा पाईप टाकला होता, एवढंच. पण रोज पाणी सुटायच्या वेळेलाच त्यांच्या गोठ्यात मोटार घरघरायची. रखमाजींच्या डोक्यात पक्कं बसलं की हा नळाला मोटार लावून आपलं पाणी ओढतो. अहो, ती मोटार कडबाकुट्टीची होती! म्हशींची वैरण कापत होती बिचारी. चार पावलं जाऊन बघितलं असतं तरी कळलं असतं, पण राग आला की चार पावलंही जड होतात माणसाला. रखमाजींनी बोलणं टाकलं. दरसाल दोन्ही घरं मिळून भाताची लावणी करायची, ती यंदा वेगळी करायची असं ठरवून टाकलं. चिमाजींचा नळ तोडावा असा अर्जही लिहून घेतला. सोमवारी तो ग्रामपंचायतीत द्यायचा होता.

ज्या माणसानं घाम गाळून मला जमिनीत बसवलं, त्याच्यावर माझ्यामुळे चोरीचा आळ. मित्रांनो, मला फार वाईट वाटत होतं, पण सांगणार कसं?

सांगितलं ते नूतननं. नूतन ही रखमाजींची सून, लग्नाआधी नळजोडणीचं काम शिकलेली. सोमवारी सकाळी पाणी सुटलेलं असतानाच सासरे टोपी घालून निघाले तशी ती बादली आणि पाना घेऊन अंगणात उभी राहिली.

"मामा, अर्ज द्या. पन आदी एक बादली भरून बगू."

"त्यात काय बगायचं? चोर ठावं हाय मला."

"मंग माजं खोटं ठरंल. पाच मिन्टं थांबा."

रस्त्याजवळ, जिथं मी सुरू होतो, तिथला सांधा तिनं उघडला. बादली मिनिटात भरली. सांधा पुन्हा आवळून तीच बादली मोरीत लावली. पाव तास झाला तरी निम्मी.

"मामा, पानी आपल्या दारापतूर बरूबर येतंय," ती म्हणाली. "म्होरं आपलाच पाईप हाय."

रखमाजी खाली बसले. मग उठून त्यांनी कुदळ आणली. दुपारपर्यंत मी बाहेर निघालो होतो. नूतननं मला करवतीनं कापलं आणि एक हातभर तुकडा सासऱ्यांच्या हातात दिला. तो काखेत मारून ते थेट चिमाजींच्या गोठ्यात गेले. दुपारच्या वैरणीसाठी कडबाकुट्टी चालू होती. रखमाजी तिच्याकडे बघतच राहिले. चिमाजींनी बटण बंद केलं, तुकडा घेतला, डोळ्याला लावला.

"ह्यातनं तर तू दिसत बी न्हाईस, रखमा."

"मला बी तू सा म्हैनं दिसला न्हाईस," रखमाजी म्हणाले. "चुकलं माजं."

चिमाजींनी कोपऱ्यातली कुदळ उचलली. पंचवीस वर्षांपूर्वीसारखीच, कुणी न सांगता.

नवा पाईप बसला. पहिल्याच धारेनं रखमाजींचं धोतर भिजलं आणि फुलाबाई पोट धरून हसल्या. मोरीतला खड्डा बुजला. अर्ज चुलीत गेला. त्या वर्षीची लावणी दोन्ही घरांनी एकत्रच केली.

मी आता परसात घेवड्याच्या मांडवाचा खांब आहे. शेंगा चांगल्या लागल्यात, म्हणजे मी अजून कामाचा आहे. कापलेला तुकडा रखमाजींनी मोरीच्या भिंतीवर टांगून ठेवलाय. कुणी विचारलं तर ते लपवत नाहीत, सगळं सांगतात.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे पाईप तुमच्याही अंगणाखाली असतील. त्यांना वेळेवर निवृत्त करा, आम्हाला राग येत नाही. आणि घरात पाणी कमी आलं, तर आधी आपला पाईप उघडून बघा. शेजाऱ्याच्या दारात जायचंच असेल, तर कुदळ मागायला जा.