घरी येऊन गालिचा

"आडनाव काय म्हणालीस तू?"

रोहिणी गुडघ्यांवर होती. गालिच्याच्या अर्ध्या भागावर तिनं पावडर पसरली होती, ओलसर भुश्यासारखी, आणि ब्रशनं ती लोकरीत मुरवत होती. प्रश्न पाठीमागून आला. तिनं मान वळवली नाही. हात लांब करून मशीनचं बटण दाबलं. घर्रर्र सुरू झाली आणि प्रश्न तिच्यात बुडाला.

ही तिची जुनी युक्ती. बारामतीतल्या कुठल्याही बंगल्यात हा प्रश्न येतोच. पाणी द्यायच्या आधी येतो, चहा कुठल्या कपात ओतायचा हे ठरवायच्या आधी येतो. म्हणून तिनं कार्डावर आडनाव छापलंच नव्हतं. 'रोहिणीताई. घरी येऊन गालिचा व सोफा ड्राय क्लीन. बारामती, इंदापूर.' बास. कुणी फार खोदलं तर गाव सांगायची, लासुर्णे. तेवढ्यावरही नाही भागलं तर मशीन होतीच.

घर्रर्र एकदम बंद पडली. लाइट गेली असं वाटून तिनं वर बघितलं. सरोजिनी आत्या प्लग हातात धरून उभ्या होत्या.

"आता येतंय का ऐकू?"

"लासुर्ण्याची हाय मी, आत्या."

"गाव नाही विचारलं."

रोहिणीनं आडनाव सांगितलं. ते इथं लिहीत नाही. लिहिलं की निम्मे वाचणारे गोष्ट सोडून तेवढंच लक्षात ठेवतील.

आत्यांनी प्लग परत बोर्डात घातला नाही. दोन बोटांनी धरून फरशीवर ठेवला आणि त्या बेसिनकडे गेल्या. साबणाची वडी खाली पडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ नळ चालू.

या आत्या कऱ्हाटीच्या. हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेल्या. दर पंधरा ऑगस्टला पोरांना समतेवर भाषण देऊन त्यांची हयात गेली. दहा दिवसांपूर्वी त्यांचा भाऊ, आबासाहेब, याच हॉलमध्ये पेपर वाचता वाचता खुर्चीवरून खाली आला तो उठलाच नाही. त्यांना पलंगावरून जमिनीवर घ्यायची वेळच आली नाही, कारण ते आधीच खाली होते, या लाल गालिच्यावर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर काश्मीरच्या सहलीतून त्यांनी तो आणला होता. काल दहावा झाला. सगळं घर धुऊन काढलं, पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, देवाची भांडी. गालिचा तेवढा राहिला. त्याला पाणी चालत नाही. म्हणून आबासाहेबांच्या मुलानं, विराजनं, रोहिणीला बोलावलं. परवा तेरावं. माणसं येणार, बसणार.

विराज पुण्यात नोकरीला. सकाळपासून तो लॅपटॉप घेऊन जिन्यावर बसला होता. सकाळीच त्यानं आत्यांना रोहिणीच्या देखत सांगितलं होतं, "आत्या, मागं लेबल आहे बघ. पाणी लागलं की रंग सुटतो. बाबांनी मला दहा वेळा ऐकवलंय. तू याच्या जवळपास तांब्या घेऊन फिरू नकोस."

"पाण्याशिवाय कसली रे तुमची स्वच्छता? पावडर लावून," आत्या म्हणाल्या होत्या. "नटीसारखी."

विराज हसला होता. रोहिणीही हसली होती. तेव्हा आडनाव विचारायचं राहिलं होतं.

रोहिणीनं उठून स्वतःच प्लग लावला. घाई होती. दुपारी इंदापूरला जायचं होतं, राजलक्ष्मी मॅडमकडं. त्या इथल्या द्वारकाबाईंच्या, आबासाहेबांच्या बायकोच्या, भाची, डॉक्टरांच्या मिसेस. फोनवर म्हणाल्या होत्या, "दोन गालिचे आहेत. काम बघते तुझं. आवडलं तर आमच्या सगळ्या ग्रुपला सांगते, मग तुला श्वास घ्यायला फुरसत नाही मिळायची." इंदापुरात पाय ठेवायला मिळत नव्हता दोन वर्षं. एका मॅडमनं सांगितलं की दहा घरं उघडतात आणि एकीनं नाक मुरडलं की दहा बंद. या धंद्याला दुकान नाही, पाटी नाही. आहे ते लोकांच्या तोंडात.

धंदा ती भिगवणला शिकली. तिथल्या एका मंगल कार्यालयात झाडायला होती. लग्न उठलं की स्टेजवरचा गालिचा तिच्या वाट्याला. भात, विड्याचे डाग, बासुंदी. मालकानं मशीन आणली आणि चालवायला कुणी धजेना, तेव्हा हिनं बटण दाबलं. पुढं ते कार्यालय बंद पडलं, मशीन भंगारात निघाली, ती हिनं उचलली. आता गाडीच्या मागं दोरीनं बांधून गावोगाव.

"बाळ."

कोपऱ्यातून आवाज आला. द्वारकाबाई घोंगडीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. फिकट पांढरं लुगडं. सकाळपासून त्या बोलल्याच नव्हत्या. रोहिणीनं मशीन बंद केली.

"काय, आई?"

"त्ये मधलं फूल हाय ना. तितं डोकं हुतं त्येंचं."

मधोमध एक मोठं सायीच्या रंगाचं फूल होतं. त्याच्या एका पाकळीवर काळपट छटा होती. तेलाची असावी. आबासाहेब डोक्याला भरपूर तेल लावत असणार.

"लई घासू नगं तितं."

"न्हाय घासत. वरच्यावर हात फिरवते."

"पार घालवू नगं."

"बरं."

रोहिणीनं ब्रश बाजूला ठेवला आणि फुलावर नुसत्या तळहातानं पावडर फिरवली. द्वारकाबाई बघत होत्या.

"घोंगडी टोचत न्हाय व्हय, आई? खाली काहीतरी मऊ घ्या की."

"सवय हाय हिची." द्वारकाबाईंनी घोंगडीवरून हात फिरवला. "लग्न होऊन आले तवा वन्संनी दिली. म्हैन्याचं बाजूला बसायला. पडवीत टाकायची न् बसायचं. ताट लांबनं सरकवायच्या." त्या किंचित हसल्या. "लोकरीला इटाळ न्हाय म्हणत्यात. माणसालाच सगळा."

आत्या आतून आल्या, तशा त्या गप्प झाल्या.

मशीनची पिशवी भरली होती. एवढी वर्षं या गालिच्यात किती धूळ बसली होती, कोण जाणे. रोहिणी पिशवी काढून बाहेर गेली, कंपाउंडच्या पलीकडं झाडाखाली तिनं ती झटकली, तोंडाला पदर लावून परत झटकली. फाटकातून आत येताना तिला वास आला. उग्र. तिनं चप्पल कशीबशी काढली.

मधलं फूल लाल झालं होतं.

सायीच्या रंगात चारी बाजूंनी लाली शिरत होती, बघता बघता. आत्यांच्या हातात तांब्या होता, रिकामा. थेंब खाली पडत होते.

"आगं आई!" रोहिणी टॉवेल घेऊन धावली, फुलावर दाबला, दुसरा घेतला, तो दाबला. टॉवेल गुलाबी व्हायला लागले. "काय वतलं हे? काय वतलं तुमी?"

"गोमूत्र आहे. शुद्धीला." आत्या शांत होत्या. "ओरडू नकोस, घरात दुःख आहे."

विराज जिन्यावरून खाली आला. त्यानं गालिचा बघितला, तांब्या बघितला, आत्यांकडं बघितलं. सगळं त्याला त्याच क्षणी कळलं, चेहऱ्यावर दिसलं. आणि कळूनही त्यानं खिशातून मोबाईल काढून फोटो घेतला.

"आत्या, मी सांगितलं होतं ना तुला!"

"मी काय केलं? चार थेंब शिंपडले. चार थेंबांनी रंग जातो का? हिच्या केमिकलनंच लोकरीचा रंग सुटला असणार. विचार तिला."

"ह्या पावडरीनं रंग जात न्हाय, दादा. तो अर्धा भाग बघा की. झालाय, हाय का काय तितं?"

विराजनं तिकडं बघितलंच नाही. तो तिला बाजूला घेऊन गेला, दाराशी. मागं आत्या मोबाईलवर काही टाइप करत होत्या. त्यानं आवाज खाली आणला. "ताई, तुमची चूक नाही, मला माहितीये. पण आत्या मोठी आहे. भाऊ गेलाय तिचा. आत्ता तिला बोलणं बरं दिसतं का? तुम्ही फक्त म्हणा, पावडर जरा जास्त झाली. विषय संपला. तुमचे पैसे मी देतोच, वर काय ते बघू."

"म्हंजी चूक माझी म्हनू?"

"नुसतं म्हणायचं हो. कोण लक्षात ठेवतंय?"

"समदी ठिवत्यात, दादा."

तिचा फोन वाजला. राजलक्ष्मी मॅडम. हात ओले होते, लाल होते. तिनं बोटाच्या पेरानं स्पीकर दाबला.

"रोहिणी, अगं काय हे? घरच्या ग्रुपवर विराजनं फोटो टाकलाय. सरोजिनी आत्यांनी लिहिलंय, ड्राय क्लीनवालीनं दादाच्या गालिच्याचा रंग घालवला. मावशींच्या घरी, अशा दिवसांत? तू इकडं येऊ नकोस बाई, माझे गालिचे महागाचे आहेत."

रोहिणीनं विराजकडं बघितलं. फोटो पाठवून त्यानं मोबाईल खिशात टाकला होता. ती त्याच्या तोंडासमोर फोन धरून उभी राहिली.

"सांगा."

विराज म्हणाला, "अगं राजू ताई, मी नंतर करतो तुला..." आणि मागं सरकला.

रोहिणी आत्यांसमोर गेली. "तुमी सांगा."

आत्यांनी तोंड फिरवलं. "माझ्याशी बोलायची तुझी लायकी आहे का?"

"हॅलो? कोण बोलतंय तिकडं?" फोन म्हणाला.

मग ती कोपऱ्याकडं वळली. आणि थांबली. दहा दिवसांपूर्वी नवरा गेलेली बाई. तिच्यासमोर कसा धरायचा फोन? अंगातला राग ढकलत होता आणि पाय पुढं होत नव्हते. तिचा हात खाली आला.

द्वारकाबाईंनी स्वतःच हात पुढं केला.

फोन घेताना त्यांची बोटं रोहिणीच्या ओल्या बोटांना लागली. त्यांनी ती पुसली नाहीत.

"राजे, मी बोलतीया. मावशी."

"मावशी! अगं तू कशाला..."

"ऐक. बाईनं काय बी केलं न्हाय. काम चांगलं केलं. वन्संनी तांब्या उपडा केला, गोमूत्राचा. आमच्या ह्येंचं डोकं हुतं तितंच."

"वहिनी!" आत्या ओरडल्या. "सुतकासाठी टाकलं मी!"

"सुतक काल फिटलं. काल तुमीच तुळशीच्या पानानं चार थेंब शिंपडलं, काठाला, रंग जाऊ नये म्हणून. लई जपून. आज बाईनं आडनाव सांगितलं, मग तांब्या आणला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "राजे, ऐकतीस न्हवं? बाईचा हात लागला म्हणून टाकलं."

विराज फरशीकडं बघत होता. फोनमधून इंदापूरच्या घरातल्या पंख्याची घरघर येत होती.

"रोहिणीला दे," राजलक्ष्मी म्हणाल्या.

"बोला, मॅडम."

"हे बघ, मला तसलं काही नाही हं. मी मानत नाही. तू ये. ग्रुपवर पण मी लिहिते, तुझी चूक नव्हती म्हणून." मग त्यांनी आवाज उतरवला. "फक्त काय आहे, आमच्या सासूबाई आहेत घरात. त्यांना कोण समजावणार? तर असं करू, गालिचे मी गड्याला सांगून गच्चीवर टाकून ठेवते. बाहेरून जिना आहे, मशीन न्यायला पण सोपा. तू वरच्या वर करून जा. काय?"

रोहिणीला एकदम थकल्यासारखं झालं. सकाळपासून पहिल्यांदा तिला गुडघे जाणवले. इंदापूर उघडत होतं, जिन्यानं. ग्रुपवर खरं लिहिलं जाणार होतं. हो म्हणायला काय लागतं? आजवर किती ठिकाणी म्हटलं होतं. कुठं चहा पायरीवर घेतला, कुठं पाणी ओंजळीत. कुठं मशीनची घर्रर्र वाढवली.

"न्हाय जमायचं, मॅडम."

"का गं?"

"गालिचा अंथरलाय तितं येऊन करते मी. गच्चीवर न्हाय."

"अगं, दोन्हीकडं गालिचा तोच ना?"

"व्हय. पर मी बी तीच हाय."

"बघ हं. मग नाही जमणार. दहा घरं जातील हातातली."

"जातील," रोहिणी म्हणाली आणि फोन बंद केला.

तिनं पावडरीचा डबा बंद केला. ब्रश पिशवीत टाकला. वायरचे वेढे नीट बसेनात, तिनं ती तशीच कोंबली. गालिचा अर्धा झाला होता. एका बाजूची लोकर उजळ, उभी, नव्यासारखी, दुसऱ्या बाजूवर पावडर तशीच, आणि मधोमध तो ओला लाल डाग पसरत चाललेला. अर्धवट काम टाकून ती आजवर कुठून उठली नव्हती.

"निदान ती पावडर तरी काढून जा," आत्या म्हणाल्या.

"काढा तुमी. हात धुतल्यात न्हवं?"

विराज खाली वाकला. गालिच्याचं एक टोक धरलं आणि गुंडाळायला लागला. "आई, हा स्टोअररूममध्ये टाकू. तेराव्याला सतरंज्या अंथरू. लोकांना कशाला दाखवायचं?"

"राहू दे."

"अगं, विचारतील सगळे."

"इचारू दे की."

रोहिणी मशीन उचलून उंबऱ्यापर्यंत गेली होती. चप्पल शोधायला वाकली तेव्हा तिला आत दिसलं. द्वारकाबाई भिंतीला धरून उठल्या. घोंगडी तिथंच राहिली. त्या हळू चालत आल्या, विराजनं गुंडाळलेलं टोक पायानं सरकवून त्यांनी परत सरळ केलं, आणि गालिच्याच्या मधोमध, त्या फुलावर, मांडी घालून बसल्या.

"वहिनी, ओलं आहे ते!"

रोहिणीनं बाहेर मशीन गाडीवर चढवून दोरी आवळली, गाठ मारली, पुन्हा एकदा मागं बघितलं. दार उघडंच होतं. फिकट पांढऱ्या लुगड्यात खालून लाल रंग चढायला लागला होता. द्वारकाबाईंनी खाली बघितलं. लुगडं आवरून घेतलं नाही.