वाकड्या डोळ्याची भालाईत

मित्रांनो, मी एक जुनी भालाईत आहे. खऱ्या लढाईतली नव्हे, राक्षस आणि ड्रॅगनांच्या काल्पनिक खेळातली. उंची अंगठ्याच्या दोन पेरांएवढी. पण शिशाची आणि कथलाची असल्याने चांगली वजनदार.

एका मूर्तिकाराने मला आधी मेणात कोरलं. चिलखताचे खवले त्याने सुईच्या टोकाने एकेक करून उठवले. मग साच्यात धातू ओतला गेला आणि मी जन्मले. दुकानातून मला एका बसड्रायव्हरांनी घरी नेलं आणि निळा झगा रंगवला. दर रविवारी दुपारी त्यांचे तीन मित्र यायचे, टेबलावर डोंगर मांडायचे, फासे टाकायचे. एकदा सगळी फौज गारद झाली, तरी मी एकटीने पूल राखला. तो डाव ते चौघे कित्येक वर्षं तिखटमीठ लावून सांगत.

पुढे मित्र पांगले. मी बिस्किटांच्या डब्यात गेले आणि डबा ओलसर माळ्यावर. अंगावर पांढरी भुकटी चढली, भाला मोडला. माझी कोणी आठवणही काढली नाही.

कित्येक वर्षांनी माळा आवरताना मी ड्रायव्हरांच्या सुनेच्या हाती लागले. ती दातांच्या कवळ्या बनवायची. बारीक कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने मला सासऱ्यांपुढे ठेवलं. आजारपणानंतर त्यांचे हात थरथरत.

"टाकून दे," ते म्हणाले.

तिने टाकलं नाही. शिशाची भुकटी विषारी, म्हणून हातमोजे आणि मास्क घालून तिने मला मऊ ब्रशने स्वच्छ केलं. कवळीच्या तारेचा नवा भाला बसवला. मग रंग घेऊन सासऱ्यांपाशी बसली आणि झगा किती निळा होता, एवढंच विचारलं. ते म्हणाले, याहून गडद. तिने कालवला. अजून गडद, ते म्हणाले. शेवटी त्यांनीच ब्रश मागून घेतला. मनगट पुस्तकांच्या चळतीवर टेकवून त्यांनी चार दिवसांत झगा पुरा केला. पाचव्या दिवशी डोळे काढले. डावा जमला, उजवा कपाळाकडे सरकला.

मग ती दोघं मला जुन्या धातूच्या मूर्तींच्या प्रदर्शनात घेऊन गेली. तिथे एका नामांकित संग्राहकांनी मला भिंगाखाली धरलं. खवल्यांचं, भाल्याचं कौतुक केलं. मग सुनेला म्हणाले, "उजवा डोळा पुसून पुन्हा काढा. मग हिला तोड नाही."

सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं.

"तो डोळा मी काढलाय," ते म्हणाले. "राहू दे."

संग्राहकांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि झगाही तुम्हीच रंगवलात का, असं विचारलं. त्या दिवशी मी मान ताठ करून उभी होते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी डब्यात पडलं असेल, तर मोठ्यांना विचारून बाहेर काढा, कोरड्या जागी ठेवा, हाताळल्यावर हात धुवा. आणि डागडुजी करताना घाई करू नका. ज्यांचं ते आहे, त्यांच्या हाती एकदा ब्रश देऊन पाहा.