छपरावरचा लॅमर

माझा भाऊ हॉइट स्टॅलिंग्ज स्टीअरिंगमागे बसला की देवमाणूस, आणि उतरला की हलकट. बहीण म्हणून मी यात थोडी सवलत दिलेलीच आहे. माझा नवरा लॅमर बरीच वर्षं त्याचा स्पॉटर होता. स्पॉटर म्हणजे छपरावरचा माणूस. चालकाचं डोकं हेल्मेटसकट सीटमध्ये आवळलेलं असतं, त्याला शेजारचं काही दिसत नाही. म्हणून प्रेक्षकांच्या स्टँडच्या छपरावर प्रत्येक गाडीचा एक माणूस उभा राहतो आणि रेडिओवरून सांगतो, वर, म्हणजे भिंतीकडे, गाडी आहे, खाली, म्हणजे आतल्या बाजूला, मोकळं आहे, मागचा जोरात येतोय. त्या आवाजावर भरवसा ठेवून ताशी एकशे नव्वद मैलांनी गाडी हाणायची. लग्नातसुद्धा कुणी कुणावर एवढा भरवसा ठेवत नाही.

वसंतात हॉइटने स्वतःच्या चुकीने गाडी भिंतीवर घातली आणि खापर लॅमरवर फोडलं. तेही उघड्या रेडिओवर. आमच्या धंद्यात रेडिओ उघडाच असतो, स्टँडमध्ये बसलेली म्हातारीसुद्धा यंत्र भाड्याने घेऊन कुठल्याही गाडीचं बोलणं ऐकू शकते. हॉइट म्हणाला, "तुला गाडी चालवता आली नाही म्हणून तू छपरावर, आणि छपरावरही तू टिकलास ते माझ्या बहिणीच्या पदराखाली लपून!" त्या दिवशी अर्धं अलाबामा हसलं. लॅमर हेडफोन काढून जिना उतरला, तो परत हॉइटसाठी कधीच चढला नाही.

एवढ्यावर थांबेल तर तो हॉइट कसला. पुढच्या शर्यतीला त्याच्या नावाच्या वस्तू विकणाऱ्या ट्रेलरवर टी-शर्ट लागले. छातीवर छप्पर, छपरावर बायकोच्या झग्याआड लपलेला एक टकला माणूस. लॅमर टकला आहे. शर्ट धडाधड खपले. पेट्रोल पंपावर, चर्चच्या पार्किंगमध्ये, जिथे तिथे लॅमरला स्वतःचंच चित्र भेटायला लागलं. आमच्या पाद्रीबाबांच्या मुलाने तो घालून लॅमरशी हात मिळवला. लॅमरने हात मिळवला आणि "छान आहे" म्हणाला. तेव्हाच मी घाबरायला हवं होतं, कारण हा माणूस भांडला की मला बरं वाटतं.

मग त्याला दुसरीकडे काम मिळालं. कोल्बी रीव्ह्ज म्हणून एक नवा पोरगा होता, हात चांगला, अक्कल कमी, सांगितलं ते ऐकणारा. लॅमर त्याचा स्पॉटर झाला. मी मात्र हॉइटच्या पिटमध्येच राहिले, म्हणजे शर्यत चालू असताना गाडी पेट्रोलला, टायरला आत येते तिथे. माझं काम म्हणजे कानावर यंत्र लावून इतर गाड्यांचे रेडिओ ऐकायचे आणि कामाचं असेल ते हॉइटला कळवायचं. ते चोरून ऐकणं नव्हे, सगळेच ठेवतात असा एक माणूस. आमच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये वाढल्यामुळे मला आवाज ओळखता येतात. कोण दमलाय, कोणाच्या गाडीचं काय बिघडलंय आणि कोण लपवतोय, ते मला आवाजावरून कळतं.

"सोड ना ते काम," लॅमर एकदाच म्हणाला.

"तो माझा भाऊ आहे."

"आणि मी?"

"तू नवरा आहेस. दोघं तसेच राहा, मी मधे राहते." मला खरंच वाटत होतं की मी मधे असले तर ते एकमेकांपर्यंत पोचणार नाहीत.

ओकाटीच्या ट्रॅकवरची शरदातली शर्यत आली तेव्हा हॉइटच्या गळ्याशी आलं होतं. गाडीचे मालक मिस्टर प्रूइट यांनी त्याला शुक्रवारी बोलावून गोड आवाजात सांगितलं होतं, "इथे जिंकलास तर पुढचं वर्ष तुझं. नाहीतर गाडी दुसऱ्याला." हॉइट सेहेचाळीस वर्षांचा. त्याची दुसरी बायको गेली होती, मुलगी फोन उचलत नव्हती, आणि गाडीशिवाय दुसरं काही त्याला येत नव्हतं. पुढच्या वर्षी गाडी नाही म्हणजे हॉइट नाही, हे मला कळत होतं. म्हणून मनापासून सांगते, मला तो जिंकायला हवा होता.

सकाळी आमच्या मोटारघरात मी बिस्किटं आणि सॉसेजचा रस्सा केला. लॅमरने तीन वेळा वाढून घेतलं. शर्यतीच्या दिवशी एरवी तो कॉफीवर असतो.

शर्यत सुरू व्हायच्या आधी हॉइट गाडीत बसला आणि आवाज तपासायला रेडिओ चालू झाले. डस्टिन नावाचा नवा स्पॉटर छपरावरून बोलला, मग पिटचा प्रमुख ग्रेडी बोलला, मग मी.

"ही बघा आमची व्हर्ली," हॉइट म्हणाला. "दिवसा माझी, रात्री शत्रूची. घरचा भेदी कोण ते संध्याकाळी कळेल!"

सगळे हसले. ग्रेडीने मला डोळा मारला, जणू मीही हसावं. मी हसले नाही. पण यंत्राचा आवाज वाढवला.

ओकाटीला गाड्या एकमेकींना चिकटून पळतात. एकटी गाडी कितीही दमदार असली तरी वारा तिला मागे ओढतो. मागून कुणी ढकलणारा असेल तरच पुढे सरकते. त्यामुळे इथे शत्रूच तुम्हाला ढकलतो, आणि शेवटच्या फेरीत तोच बाजूला होऊन तुमच्या पुढे जातो. तोवर दोस्ती. तशी दुपारभर हॉइट आणि कोल्बी यांची दोस्ती चालली होती, हॉइट पुढे आणि कोल्बी मागे.

मधे एकदा लॅमर कोल्बीला म्हणाला, "या फेरीला आत ये, पेट्रोल घे." मी लगेच कळवलं, "हॉइट, ते आत येतायत. आपणही आलो तर बरोबरीने निघू."

"नवऱ्याने सांगितलं वाटतं असं सांग म्हणून?"

"अरे, खरंच येतायत."

"मग मी नाही येत."

कोल्बी आत गेला. हॉइट बाहेर राहिला, ढकलणारं कुणी नाही, आणि बघता बघता मागे पडला. पुन्हा वर यायला त्याला तासभर लागला. तो तासभर तो मला शिव्या देत होता, की मी नीट सांगितलं नाही. ग्रेडी म्हणाला, "हिने सांगितलं होतं रे." हॉइट म्हणाला, "ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मला आवडला नाही." आता यावर काय बोलणार? लहानपणीही मी सांगितलं की चूल तापली आहे, तर हा हात लावून बघायचा आणि भाजलं की मला मारायचा.

पण गाडी चालवायला देवमाणूस म्हटलं ना मी. उरलेल्या फेऱ्यांत त्याने जे केलं ते बघून स्टँडमधली माणसं खाणं विसरली. भिंतीला घासत, दोन गाड्यांच्या फटीतून, एकेकाला गिळत तो पहिला आला. आणि त्याच्या मागे, शेपटीला शेपटी, पुन्हा कोल्बी. पांढरा झेंडा पडला. एक फेरी उरली.

मी कोल्बीच्या रेडिओवर होते. सगळ्या फेऱ्यांत लॅमर बोलला तो तुटक बोलला. "वर." "मोकळं." "अजून आहे, अजून आहे, मोकळं." तिथे वाक्याला वेळच नसतो. आणि आता, शेवटच्या फेरीत, माझा नवरा शांतपणे, जेवायच्या टेबलावर मीठ मागावं तसा म्हणाला, "कोल्बी, शेवटच्या वळणातून निघताना आपण वरून जायचं. भिंतीच्या बाजूने. तयार राहा."

सगळं जग ऐकत असताना कुठला स्पॉटर आपला बेत वाचून दाखवतो? आणि तो आवाज. हाच आवाज पाद्रीबाबांच्या पोराला "छान आहे" म्हणाला होता. वीस वर्षं त्या माणसाशेजारी झोपते मी. तो खोटं बोलत होता. पोराला आधीच सांगून ठेवलं असणार की शेवटच्या फेरीत माझं ऐकू नको, तू खालून जा.

मी बटण दाबलं. "हॉइट, लॅमर म्हणतोय वरून येणार. खोटं आहे ते. वर जाऊ नकोस. खाली धर, तो खालून येईल."

नुसता इंजिनाचा आवाज.

"हॉइट, ऐक माझं. आईशप्पथ सांगते. खाली धर."

मग तो हसला. तसल्या वेगात, भिंतीपासून हातभर अंतरावर तो हसला. "किती गोड शिकवलंय तुला," तो म्हणाला. "म्हणजे तो वरूनच येणार."

शेवटच्या वळणातून निघताना हॉइटने गाडी वर नेली. कोल्बी खाली उतरला. छपरावरून डस्टिन ओरडला, "खाली, खाली, खाली!" आणि हॉइटने जे आयुष्यभर केलं तेच केलं, मागे हटायचं सोडून गाडी खाली आणली. जागा नव्हती. कोल्बीचं नाक त्याच्या मागच्या कोपऱ्याला लागलं. नुसतं लागलं, दारात कुणी कोपर लावावं तेवढंच. हॉइटची गाडी आडवी झाली, वारा तिच्या पोटाखाली शिरला आणि ती उचलली गेली. भिंतीवर आपटली ती छपराच्या बाजूने. मग गोल गोल फिरत गवतात आली आणि तिथे तिने पेट घेतला.

लोक उभे राहिले. टोप्या उडाल्या, बिअर उडाली, शिट्ट्या झाल्या. कोल्बी पहिला आला होता, त्याच्यासाठी झाल्या असं म्हणतात. तिकडे शर्यत संपते त्या रेषेकडे कोण बघत होतं? सगळ्यांचे मोबाइल गवताकडे होते. हॉइटचा शर्ट घातलेला एक माणूस आनंदाने ओरडत होता, "पुन्हा दाखवा! पुन्हा दाखवा!" आणि मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवलं, सावकाश.

तो जगला. कंबर मोडली, डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला, मानेत खिळे घातले. मिस्टर प्रूइट फुलं घेऊन इस्पितळात आले आणि बाहेरच्या बाहेर, फुलं माझ्या हातात देऊन, विमानतळावर गेले. वर्षाच्या शेवटापर्यंत थांबायची गरजच उरली नव्हती त्यांना.

काही दिवसांनी मला आत सोडलं तेव्हा हॉइट शुद्धीवर होता. चेहरा सुजलेला, डोळे मात्र त्याचेच.

"मी तुला खरं सांगितलं होतं," मी म्हणाले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण रडले.

"दोघांनी मिळून केलंत," तो म्हणाला. "तो छपरावरून, तू खालून."

"हॉइट, मी म्हणाले खाली धर. ध्वनिमुद्रण आहे, ऐक पाहिजे तर. खाली धरलं असतंस तर..."

"मी उलटं करणार हे तुला माहीत होतं म्हणूनच म्हणालीस." मग त्याने नर्सला हाक मारली. "हिला बाहेर काढा. परत सोडू नका."

मला बाहेर काढलं. त्यानंतर त्याने मला दारात उभं केलं नाही, आजपर्यंत नाही. मी दर नाताळला त्याच्या घरी जाते, ओट्यावर केक ठेवते आणि परत येते. केक कुत्रा खातो, हे शेजारीण सांगते.

शर्यतीच्या त्याच संध्याकाळी मी इस्पितळातून मोटारघराकडे आले होते तेव्हा लॅमर पायरीवर बसला होता. विजेत्यांच्या धिंगाण्यातून आलेला, शर्ट कोलाने चिकट, टकलावर रंगीत कागदाचे तुकडे. तो आनंदात नव्हता. पोट भरलेला दिसत होता.

"जगेल?" त्याने विचारलं.

"जगेल. चालेल की नाही माहीत नाही."

"हं."

"तू खोटं बोललास रेडिओवर. मी ओळखलं. त्याला सांगितलं मी, लॅमर. ओरडून सांगितलं."

"ऐकलं मी," लॅमर म्हणाला. "माझ्या दुसऱ्या कानात तुमचाच रेडिओ होता."

मी पर्स खाली ठेवली.

"तू ओळखणार हे मला माहीत होतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मऊ झाला, मला काहीतरी चांगलं सांगत असल्यासारखा. "सांगणार हेही माहीत होतं. तू खरं बोलणारी बाई आहेस, व्हर्ली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याने मानलं असतं. तू सांगितलंस, म्हणून तो वर गेला. तुझ्याशिवाय जमलं नसतं हे."

पिटमधून कुणीतरी त्याला हाका मारत होतं, फोटोसाठी. तो उठला, हात पँटला पुसले.

"आणि त्याने माझं ऐकलं असतं तर?" मी विचारलं. "खाली धरली असती तर कोल्बीला वाटच मिळाली नसती. हॉइट जिंकला असता. त्याचा काही विचार केला होतास?"

लॅमर थांबला. कपाळाला आठ्या घालून त्याने माझ्याकडे पाहिलं. खरंच केला नव्हता विचार, ते मला स्पष्ट दिसलं.

"तुझं? तुझं ऐकलं असतं त्याने?" तो म्हणाला.