साडेचारशेची फिल्म

"ते एक रीडिंग काढून टाक, आत्ता सही करतो," कोरडे सर म्हणाले.

पायलला अकोल्याच्या कॉलेजातली जागा हवी होती. त्यासाठी थीसिस या आठवड्यात इथं अमरावतीत जमा व्हायला हवा होता, आणि थीसिसवर गाईडची म्हणजे सरांची सही हवी होती. तिकडे बार्शीटाकळीत आई शेजारपाजारी "आमची डॉक्टरीण" सांगून मोकळी झालेली.

अडलं होतं काचेच्या एका तुकड्यापाशी. तापलेल्या काचेवर जस्ताच्या क्षाराचं पाणी फवारलं की ऑक्साइडची पातळ फिल्म धरते. तिला व्होल्टेज दिलं तर ती विजेला वाट देते, उलटं दिलं तर अडवते, आणि वीज बंद केली तरी शेवटचं काय घडलं ते विसरत नाही. साडेतीनशे अंशांवरची फिल्म सगळं झकास लक्षात ठेवायची. साडेचारशेवरची ठार विसरभोळी. सरांच्या जुन्या पेपरात मात्र नेमकं उलटं छापलेलं: जितकी तापवाल तितकी गुणाची.

"सर, पुन्हा पुन्हा केली. दरवेळी मेलीच."

"तुझा हात बसला नाही अजून."

'तुमच्यानं होत नाही' हे पायलच्या घरात आजोबांपासून सगळ्यांनी ऐकलेलं, आणि सगळ्यांनी करून दाखवलेलं.

"मंग तुमीच करा न सर. तुमच्या हातानं."

पलीकडच्या टेबलावरचा कुंदन, तिच्याच बरोबरीचा संशोधक, उगाच खोकला.

सरांनी बाह्या सरसावल्या. फवाऱ्याची गन हातात धरून वर्षं लोटली होती. पहिला फवारा त्यांच्याच चष्म्यावर आला. पायलने ओढणीचं टोक पुढे केलं. मग मात्र ते जीव लावून फवारत राहिले. तापल्या तव्यावर पाण्याचा शिपका मारावा तसा चर्र आवाज, आणि काचेवर हळूहळू मोरपंखी झाक.

"पाह्य! याले म्हनतात फिल्म!" रागात होते तोवर पुणेरी, खुशीत आले की सर वऱ्हाडी.

थंड झाल्यावर चांदीच्या लेपाचे ठिपके दिले, सुया टेकवून व्होल्टेज सोडलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आठाच्या आकड्यासारखं वळण उमटायला हवं होतं. उमटली सरळ रेघ.

"देखणी हाये सर," कुंदन म्हणाला, "पन डोक्यात काईच राह्यत नाई तिच्या."

"तू गप रे!"

"चूक हाताची नाईच सर," पायल म्हणाली. "जास्त तापली की ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा भरून जातात. तिथंच तर वीज वाट करते. आता हे रीडिंग तुमचं. काढाचं असन तर तुमी काढा. मी थीसिसात ठेवून राह्यली. फिल्म कोनी केली, तेही खाली लिहून राह्यली."

"माझ्याच पेपरच्या विरोधात माझंच नाव?"

"हात तुमचाच होता न सर."

"आणि अकोल्याची जागा गेली तर?"

"अकोला कुठं पळते? रोज यष्टी हाये."

सर पडद्याकडे बघत राहिले. रागावले होते, पण नजर रेघेवरून हलेना.

"चारशेची लाव," शेवटी म्हणाले. "नेमकी कुठं मरते, पाहू दे मले."

पायलने थीसिस त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"आधी सही. रेघेसकट."